झालं म्हटल्याशिवाय

ही गोष्ट रात्रीची नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. रात्री माणूस घाबरला तर अंधाराचं नाव सांगून मोकळा होतो. हे घडलं भर दुपारी, लख्ख उन्हात, आणि पाहणारे पाच-सहा जण होते.

रविवारी दीडच्या बसनं सुई विहाराच्या थांब्यावर उतरली तेव्हा तिच्या एका हातात बर्फाचा डबा होता आणि काखेत लसीची वही. मागोमाग पैलवान उतरली. दोघी जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात शिकत आणि वसतिगृहात एका खोलीत राहत. सुई शेवटच्या वर्षाला. अंगानं काटकुळी, आणि चार वर्षं दर रविवारी इथल्या कुत्र्यांना टोचत आलेली, म्हणून तिचं खरं नाव कॉलेजच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. पैलवान एक वर्षानं मागे. मुलगी असून नाव असं का, हे तिला पाहिल्यावर कोणी विचारत नसे. महिन्याभरात सुईची परीक्षा संपणार होती, दूरच्या गावी नोकरी ठरल्यात जमा होती, आणि मग ही वही पैलवानकडे जायची होती.

फाटकावर कागद चिकटवलेला होता. पालिकेचा शिक्का. आवारातली सर्व कुत्री रविवारी दुपारी चार वाजता उचलण्यात येतील. लस टोचलेली, पट्टा असलेली आणि वहीत नोंद असलेली तेवढी वगळून.

विहाराचे म्हातारे भंते पायरीवर बसले होते. "काल संध्याकाळी लावून गेले," ते म्हणाले. "मी चष्मा लावून दोनदा वाचला. दोन्ही वेळा तेच लिहिलेलं होतं."

"उचलून नेतात कुठे?" पैलवाननं विचारलं.

"ते नाही माहीत," सुई म्हणाली. "परत आलेलं एकही पाहिलं नाही मी."

कुत्री तेवीस होती. गेल्या वर्षीच्या लसीची मुदत सगळ्यांची याच आठवड्यात संपत होती, आणि चार वाजायला अडीच तास उरले होते. सुईनं बाह्या वर सारल्या.

आता इथे कामाची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

विहाराचं सभागृह उंच जोत्यावर होतं. चढायला अकरा पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांच्या पोटात एक बुटकी कोठी. आत वाकूनच जावं लागे. खिडकी नाही, दुसरं दार नाही. पुढच्या तोंडाला गोणपाटाचा पडदा. कुत्र्याला सुई दिसली की ते बिथरतं, म्हणून धरणारा माणूस त्याला घेऊन पडद्याआड बसायचा. कुत्र्याचं तोंड आत, धरणाऱ्याच्या कुशीत, आणि मागचा अर्धा भाग पडद्याबाहेर. धरणाऱ्याला सुई दिसत नाही, टोचणाऱ्याला धरणारा दिसत नाही. मग बोलूनच काम चालायचं. आतून आवाज यायचा, "धरलं." बाहेरून टोचून झालं की टोचणाऱ्यानं म्हणायचं, "झालं." मगच आतले हात सुटायचे.

ही पद्धत मावशीनं बसवलेली. मावशी म्हणजे विहार झाडणारी बाई. कुत्र्यांच्या जखमांना ती खोबरेलात कापूर घालून लावायची, त्यामुळे तिच्या हातांना बारा महिने तोच वास. तिच्या मनगटात बैलाची ताकद होती, आणि नियमाची ती भलतीच पक्की होती. ज्यानं टोचलं त्यानंच 'झालं' म्हणायचं. दुसऱ्यानं म्हटलेलं चालायचं नाही.

"आणि कुत्रंच म्हणालं तर, मावशी?" पैलवाननं एकदा विचारलं होतं.

"धरलेल्याच्या म्हणण्यावर सोडायला लागले, तर एक तरी टोचून होईल का गं?" मावशी म्हणाली होती.

दर रविवारी काम आटोपताना ती सुईच्या मागे लागायची. "मला एकदा टोचू दे की."

"परवाना लागतो, मावशी."

"धरायला नाही लागत होय परवाना? सगळी मेहनत माझी, आणि डॉक्टरीण तू."

गेल्या वर्षी याच आठवड्यात, मावशी कोठीत बसून कुत्री धरत होती. शेवटची पाळी भुरीची. भुरी म्हणजे आवारातली सगळ्यात म्हातारी कुत्री, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. आतून "धरलं" आलं. सुईनं टोचलं. आणि तेवढ्यात भुरीचे मागचे पाय गपकन बसले, आत काहीतरी भिंतीवर कलंडल्याचा आवाज आला. सुईनं पडदा वर केला. मावशी भिंतीला टेकून, डोळे उघडे, भुरीची मान मिठीत. सुई ओरडली, पैलवान धावली, भंते आले. मावशीची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

त्या गडबडीत 'झालं' म्हणायचं राहून गेलं.

डॉक्टरनं येऊन तपासलं आणि म्हणाला, "बाई जाऊन अर्धा तास तरी होऊन गेलाय." पैलवान आणि सुईनं एकमेकींकडे पाहिलं. त्या अर्ध्या तासात चार कुत्री टोचून झाली होती. चारही वेळा आतून आवाज आला होता.

त्यावर दोघी परत कधी बोलल्या नाहीत. फक्त कोठीतलं काम बंद झालं. मग वर्षभर पैलवान अंगणातच कुत्र्यांना अंगाखाली दाबून धरायची. भुरी मात्र कोठीतच राहायची. खायला बाहेर यायची, खाऊन परत आत.

तर त्या दुपारी बावीस कुत्री अंगणातच झाली. पैलवानच्या कोपराला दोन ओरखडे आले, एका कुत्र्यानं बर्फाच्या डब्यावर पाय वर केला, आणि भंते पट्टे बांधत बसले. ते प्रत्येक कुत्र्याला "जरा थांब हं, झालंच" असं म्हणत. सुईनं त्यांना सांगितलं, "भंते, तो शब्द सोडून दुसरं काहीही म्हणा." भंतेंनी मान डोलावली. कारण त्यांनी विचारलं नाही.

तीन वाजून पाच मिनिटांनी फक्त भुरी उरली.

ऊन पांढरं झालं होतं. वारा नाही, पान हलत नव्हतं, पट्टे बांधलेली कुत्री भिंतीच्या सावलीला जिभा काढून पडली होती. पैलवान नळावर हात धुवायला गेली. सुईनं सिरिंज भरली आणि कोठीपाशी उकिडवी बसली. पडद्याआडून थंडगार ओल अंगावर येत होती.

"पैलवान, चल. आत जा, भुरी राहिलीय."

मागे पावलं वाजली, ती कुठे गेली ते सुईनं पाहिलं नाही. ती हवेचा बुडबुडा काढत होती. पडदा हलला. भुरीचा मागचा अर्धा भाग हळूच बाहेर आला, शेपूट खाली, अगदी शांत.

"धरलं," आतून आवाज आला.

आवाज दबका होता, बसलेला. सुईच्या मनात आलं, ओरडून ओरडून हिचा घसा गेला. तिनं कापसानं मांडी पुसली. सुई आत घातली. दट्ट्या अर्धा दाबला असेल, तोच फाटकाकडून पैलवानचा आवाज आला, नेहमीसारखा, चार घरं ऐकतील असा.

"कुलूप लावलंय, काका. चावी भंतेंकडे आहे, आणि भंते डोळे मिटून बसलेत. मी त्यांना उठवत नसते."

सुईचा अंगठा दट्ट्यावरच थांबला.

तिनं मान वळवून पाहिलं. पैलवान खरंच फाटकाशी उभी होती, पाठमोरी, कमरेवर दोन्ही हात. पलीकडे जाळीची गाडी. आणि इथे, सुईच्या हातातली कुत्री तसूभर हलत नव्हती. आतून कुणीतरी तिला नीट, जाणतेपणानं धरलं होतं. नाकाशी हळूहळू वास आला... कापूर. खोबरेल.

चार वर्षांत तिला एक गोष्ट पक्की शिकवली गेली होती. सुई आत असताना हात थरथरता कामा नये. तिनं उरलेला दट्ट्या दाबला. सुई बाहेर काढली. कापूस दाबला. मग म्हणायला तोंड उघडलं, आणि शब्द ओठांवरच थांबला.

वर्षभर कोणी तो शब्द म्हटला नव्हता. वर्षभर आत कोणी सोडलं नव्हतं.

"...मावशी?" सुई हळूच म्हणाली.

आत भुरीला धरलेलंच होतं, तिनं शेपूट एकदा हलवली.

फाटकाचा आवाज झाला. गाडीवरच्या दोघा माणसांनी ते बिजागरीतून उचलूनच काढलं होतं. पुढे पालिकेचा मुकादम, घामानं भिजलेला, हातात यादी. मागे ते दोघे, खांद्यावर फासाच्या काठ्या. पैलवान त्यांच्यापुढे उलट्या पावलांनी वाट अडवत येत होती.

"चार वाजायला पाऊण तास आहे," सुई उठून म्हणाली.

"गाडी आली की चार वाजले, मॅडम," मुकादम म्हणाला. त्यानं अंगणावरून नजर फिरवली, ओठ हलवत पट्टे मोजले, जरासा निराश झाला. मग कोठीकडे बोट केलं. "हिला पट्टा नाही."

"आत्ताच टोचलंय. पट्टा बांधायचाय, वहीत लिहायचंय."

"म्हणजे नोंद नाही. ऐका, माझ्या यादीत किमान एक तरी लागतं. रिकामी गाडी नेली तर साहेब मला आत बसवतील. म्हातारी, आंधळी कुत्री आहे, तुमचंही ओझं कमी होईल."

"ती ओझं नाही," सुई म्हणाली, "आणि ती जाणार नाही."

मुकादमानं खूण केली. एकानं भुरीच्या कमरेवरून फास सरकवला आणि ओढला.

कुत्री हलली नाही.

त्यानं पाय रोवून ओढलं. दोर ताठ झाला, काठी वाकली. भुरी विव्हळली नाही, धडपडली नाही. पाय सैल सोडून ती उभी होती. दुसरा माणूस मदतीला आला. बारा किलोची कुत्री, दोन दांडगे गडी, आणि त्यांच्या चपला मागे घसरत होत्या.

"आत कोणी धरून ठेवलंय का?" मुकादमानं विचारलं.

सुईला एवढं कळलं होतं, की एक शब्द म्हटला तर आतले हात सुटतील, आणि ते सुटले की भुरी फासात. तिनं ओठ घट्ट मिटले. भीती होतीच. पण भीतीच्या वर आता राग चढला होता, आणि राग बरा, त्याला पाय असतात.

"आमची मावशी आहे," पैलवान म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. तिलाही वास आला होता. "झाडलोट करते."

"अहो बाई, सोडा ती कुत्री. सरकारी काम आहे." मुकादम वाकला आणि पडद्याच्या कडेनं हात आत घातला.

आणि तसाच राहिला.

आधी त्याच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. मग त्यानं हात ओढला. परत ओढला. त्याच्या कपाळावरचा घाम पाहता पाहता बदलला, उन्हाचा होता तो भीतीचा झाला. "बाई, हात सोडा..." तो म्हणाला. "अहो, हात सोडा माझा..."

फास धरलेल्या एका गड्यानं पडद्याचं दुसरं टोक वर केलं. कोठीत ऊन शिरलं. आत भुरी होती, मान जरा उचललेली, कुणाच्या तरी खांद्यावर टेकवावी तशी. मुकादमाचा हात कोपरापर्यंत आत होता, आणि मनगटाशी कातडी चार ठिकाणी खोल दबलेली होती. बाकी भिंत आणि जमीन.

गड्यानं पडदा सोडला, फास सोडला आणि मागे न पाहता फाटकाकडे चालू लागला. दुसऱ्यानं चालण्याचा त्रास घेतला नाही, तो धावला.

"काय करू?" मुकादम कुजबुजला. "काय म्हणू मी? सोड म्हणतोय, तर..."

"झालं म्हटल्यावर सोडते ती," पैलवान म्हणाली.

"झालं," मुकादम म्हणाला. "झालं. झालं, बाई, झालं."

"तुम्ही म्हणून नाही चालायचं. धरलेल्याचं ऐकत नाही मावशी."

"मग तुम्ही म्हणा की, ताई."

"मी टोचलेलं नाही. टोचणारी ही." तिनं सुईकडे बोट दाखवलं.

मुकादमानं सुईकडे पाहिलं. वयानं तो तिच्या वडिलांएवढा होता. सुईला त्याची दया आली, नाही असं नाही. पण तिनं खाली बसून आधी भुरीच्या कमरेचा फास काढला. मग वही उघडली, तेविसावी ओळ लिहिली, वही त्याच्या गुडघ्यावर ठेवली आणि पेन त्याच्या मोकळ्या हातात दिलं.

"तेवीसच्या तेवीस, बरोबर आहेत असं लिहा. तारीख घाला. खाली सही."

"डाव्या हातानं?"

"वाचता येईल एवढी येऊ दे."

त्यानं लिहिलं. अक्षर पहिलीच्या पोरासारखं आलं. सुईनं ते पुरतं वाचलं, शाई वाळेपर्यंत थांबली, आणि मग पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "मावशी. झालं."

मुकादम मागच्या मागे बसला. मनगटावर चार बोटांचे वळ होते, तेलकट. तो उठला, एक चप्पल तिथेच विसरला, आणि एका पायानं उन्हातून लंगडत गाडीपर्यंत गेला.

भंते अजून पायरीवर बसले होते. त्यांच्या पायांखालीच तर ती कोठी. "गेली का ती?" त्यांनी विचारलं.

"म्हटलं मी, भंते. वर्षभर राहिलेलं."

"बरं केलंस. वर्षभर दुपारी खालून आवाज यायचा. धरलं, धरलं... मी समजत होतो, माझे कान गेले." त्यांनी शेवटचा पट्टा उचलला. "एकटीच धरून बसली होती बिचारी."

भुरीला पट्टा बांधला. काढलेलं फाटक पैलवाननं एकटीनं उचलून बिजागरीत बसवलं. परतीच्या बसमध्ये सुई खिडकीशी बसून सारखे आपले हात पाहत होती. दूरच्या नोकरीचं पत्र तिच्या पिशवीत होतं. अजून उत्तर द्यायचं होतं.

पुढच्या रविवारी गोचिडांच्या इंजेक्शनची पाळी होती. सुई औषधांचा कुलूपबंद डबा घेऊन एक बस आधीची धरून आली. पैलवानला आता टोचायची सवय व्हायला हवी होती, म्हणून धरायला सुई बसणार, आणि तेही कोठीत, पडद्याआड, पूर्वीसारखं. असं तिनंच ठरवलं होतं. एक जागा आपल्याला घाबरवते म्हणून ती सोडून द्यायची, हे तिला वर्षभर पुरलं होतं.

ती वाकून आत गेली. आत आता नुसती ओल होती, मातीचा वास. तिनं भुरीची मान कुशीत घेतली आणि तिचा मागचा भाग पडद्याबाहेर सरकवला. बाहेर हालचाल झाली. कोणीतरी उकिडवं बसल्यासारखं वाटलं.

"आलीस का?" सुई म्हणाली. "चल, भुरीपासून सुरू कर. धरलं."

बाहेर कापूस फिरला. भुरीची कातडी थरथरली, सुई टोचल्यावर थरथरते तशी. मग ती शांत झाली. सुई पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिली.

शब्द आला नाही. लांबून, फाटकाकडून, पैलवानचा आवाज आला.

"सुई, ए सुई, बस चुकली गं माझी. सुरू नको करूस, डब्याची चावी माझ्याकडेच राहिलीय."

सुईनं भुरीला सोडलं नाही. पावलं जवळ आली, पडद्याशी थांबली.

"अगं, हिला टोचलंस पण?" पैलवान म्हणाली. "रक्ताचा ठिपका आहे इथे. कापूस पण लावलाय. तेलाचा कसला..." ती थांबली. मग डब्याचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, बाटल्या एकमेकींवर वाजल्या. "सुई... बाटल्या सगळ्या बंद आहेत. एकीचंही बूच फुटलेलं नाही. काय टोचलंय हिला?"

"माहीत नाही."

"बाहेर ये तू. सोड तिला."

भुरीचा श्वास सुईच्या गळ्याशी लागत होता, ऊबदार आणि संथ. अंधारात कापराचा वास आता परत आला होता, पण यावेळी आतून नाही, पडद्याच्या बाहेरून. सुईनं हनुवटी भुरीच्या डोक्यावर टेकवली आणि मिठी आणखी घट्ट केली.

"बरं, मी म्हणते," पैलवान कुजबुजली. "झा..."

"तू नको म्हणूस. तू टोचलेलं नाहीस," सुई आतून म्हणाली. "जिनं टोचलंय तिला म्हणू दे. तोवर मी सोडणार नाही."